बाईची कारी, आमची ओतू

१४ जून

शेवटी बाई आली. भाटवे, म्हणजे बाईचे यजमान, गेल्यापासून सांगत होतो, बपेऱ्यात एकटी राहू नको, तुमसरला माझ्याकडे ये. मोठी बहीण, ऐकते कशाला. उन्हाळ्यात विहिरीवर भोवळ येऊन पडली, शेजारच्यांनी उचलून घरात नेलं, तेव्हा कुठे हो म्हणाली. तेही अटीवर. "कारी येईन तं मी येईन. अना पोऱ्यापर्यंत पायतो. जमलं तं रायलो, नाई तं माह्यं घर काई पडलं नाई."

बपेऱ्याच्या बायाही पायतो, रायलोच म्हणतात; पायतो म्हणजे पाहते. कारी म्हणजे काळी, तिची मांजर. पोरा म्हणजे पोळा. बाईच्या बोलीत ळ नाही, त्याच्या जागी र. जुने पंडित रलयोरभेदः म्हणून गेलेत, र आणि ल एकच समजा. ळ हा ल चाच थोरला भाऊ. म्हणजे बाई शुद्ध बोलते, अशुद्ध आम्ही.

कारीला कोंबड्या झाकायच्या डालीत घालून आणलं. जीपवाला म्हणाला, बोरीत टाका ना, सोपं जाते. बाई त्याच्यावर उखडली. "बोरीत मांजर सोडाले नेतेत. आमी सोडाले नाई जाऊन रायलो, घरी जाऊन रायलो." पूर्ण रस्ता डाल मांडीवर. कारीने एक आवाज काढला नाही. जीपवाल्यानेही.

१५ जून

तोंडओळख झाली. तोंडं दोघींचीही वाईट.

चूक माझी. वाटलं, पाहुणी आली, बैठकीत डाल उघडावी, घरच्या मांजरीने येऊन विचारपूस करावी. घरची मांजर म्हणजे ओतू. प्रज्ञाने कॉलेजात असताना पिल्लू आणलं, नाव मी ठेवलं. संस्कृतात मांजराला ओतु. लेक पुण्याला नोकरीला गेली, ओतू राहिली आणि रुंदावत गेली. स्थूल आणि ओतु यांचा संधी व्याकरणात दोन प्रकारे चालतो, स्थूलोतु म्हणा की स्थूलौतु. कसाही केला तरी मांजर जाडच. बायकोचा, सुनंदाचा, तिच्यावर फार जीव. शाळेच्या वह्या तपासताना ओतू पायाशी लागतेच, नाही तर सु.ला मार्क देता येत नाहीत.

तर डाल उघडली. ओतू शेपटीचा झाडू करून फ्रीजवर. एवढं वजन एवढ्या उंचीवर कसं गेलं, हे विज्ञानाने पाहावं. कारी दिवाणाखाली. दोन तास दोघी एकमेकींना शिव्या देत होत्या. बाई दिवाणाशी बसून, "कारे, ये माय, ये." सु. फ्रीजशी उभी राहून, "ओतू, खाली ये बेटा." मी मधे. बातमी पाठवायची राहिली.

१६ जून

जिल्हा विभाजन केलं. मागची खोली बाई आणि कारीकडे, उरलेलं घर ओतूकडे. स्वयंपाकघरावर दोन्हीकडचा दावा. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला तेव्हा मी नवखा वार्ताहर होतो, आनंदाच्या बातम्या लिहिल्या. कार्यालयांतली कपाटं आणि खुर्च्या वाटायला पुढे किती भांडणं झाली, ते आज आठवलं.

१८ जून

जनावरांच्या दवाखान्यात गेलो. म्हशी, बैल, एक बकरी आणि मी. डॉक्टर ओळखीचे. "जयभीम सर, आज कोणती बातमी?" म्हटलं, मांजरीची. हसले, पण सल्ला नीट दिला. दोघींना वेगळं ठेवा, आत्ता तोंड पाहू देऊ नका, रोज दोघींचं अंथरूण बदलवा, वास ओळखीचा झाला की दार उघडा.

घरी येऊन सु.ला जसंच्या तसं सांगितलं. सु. म्हणाली, "एवढंच ना? त्यात काय." पदर खोचला.

२३ जून

अंथरूण रोज बदललं जाऊन राहिलं आहे (बाईची भाषा लागली). सु. शाळेतून आली की आधी तेच काम. दोघींच्या चिंध्या गरम पाण्यात, भरपूर साबण, शेवटी फिनेलचं झाकण. पावसाळी हवा, वाळत नाही, म्हणून दोरी बैठकीतच पंख्याखाली. भेटायला येणारे मांजरीच्या गोधडीखालून वाकून खुर्चीत बसतात.

बाई माझ्या कानाशी, "मांजरीचं अंथरून रोज धुतेत? आमच्याकडं पाव्हन्याचं नाई धुत."

दाराच्या फटीतून दोघी अजून फिसकारतात.

२७ जून

पुन्हा प्रयोग. दार चार बोटं उघडलं. कारीने पंजा घातला, ओतूने तो चावला. दार बंद.

शाश्वत वैर असलेल्यांचा द्वंद्व समास संस्कृतात एकवचनी होतो. साप-मुंगूस, अहिनकुलम्. जन्मभर भांडणारे दोघे, पण वचन एक. म्हणजे भांडणाऱ्यांना एका घरात कोंबायची कल्पना माझी नाही, फार जुनी आहे. सु.ला सांगितलं. "त्या वैयाकरणाच्या घरी मांजर होती का?" माहीत नाही म्हटलं. "मग राहू द्या."

१ जुलै

ओतू जेवत नाही. काल दूध सोडलं, आज मासोळीही. सु.ने बोडीतल्या, म्हणजे गावतळ्यातल्या, ताज्या मासोळ्या आणल्या, काटे काढून हातावर धरल्या. वास घेतला आणि वळून बसली. हडकुळी झाली म्हणते सु. हडकुळी नाही, पण फ्रीजवर चढताना पूर्वी जो धप्प आवाज यायचा तो येत नाही.

बाईच्या सुकटीचा वास स्वयंपाकघरात बसलाय, त्याने ओतूचं मन उडालं, अशी सु.ची एक शंका. सुकट मलाही आवडते.

३ जुलै

वाईट झालं.

सकाळी स्वयंपाकघरात सु. मला म्हणाली, "ऐका, रागावू नका. कारीला आंबागडला माझ्या भावाच्या शेतावर ठेवू. कोठ्यात उंदीर भरपूर, मोकळी राहील. ओतू मरून जाईल हो." रडवेली झाली होती. मी म्हटलं, बाईला काय सांगू? "सांगा, हवापालटाला."

मागच्या खोलीचं दार म्हणजे प्लायवुड. त्यातून कारीचं फिसकारणं जसं येतं तसं इकडचं तिकडेही जातं, हे आमच्या लक्षात नव्हतं.

दुपारी पाहतो तर बाईने गाठोडं बांधलेलं. डाल पुसून ठेवलेली. चप्पल दारात, जोडून.

"काय झालं?"

"कुठं काय. उद्या दुपारच्या गाडीनं जातो. रोवनी हाये, घरी कोनी पायजे."

"तू कधी भाताची रोवणी केलीस? शेत तर अर्ध्या वाट्याने अध्येल्याकडे आहे."

"मंग पायतो तं खरी."

विहिरीचं नाव काढायचं होतं. काढलं नाही. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "यंदा विहिरीवर नाई जात मी. हापशी हाये." म्हणजे दारातून ऐकू आलं नसतं तरी तिने मला वाचलंच असतं.

४ जुलै

डॉक्टर सकाळीच आले. मीच काल फोन करून म्हटलं होतं, ओतूला एकदा पाहून जा. मोटरसायकल लावली, बैठकीत शिरले आणि डोक्याला ओली चिंधी लागली.

"हे काय?"

"अंथरूण. तुम्ही म्हणाले ना रोज बदलवा."

"हो. मग धुतलं काहून?"

"बदलवलं," सु. म्हणाली. "जुनं काढलं, धुतलेलं टाकलं. रोज."

डॉक्टर ओतूला उचलून खुर्चीत बसले. मग हसायला लागले, ओतूला हातात धरूनच. "मॅडम, अदलाबदल म्हणत होतो मी. हिचं तिले, तिचं हिले. वासासाठी. तुम्ही तं वासच धुऊन टाकला. दोघी पंधरा दिवस झाले फिनेलशी भांडून राहिल्या."

मग सगळेच एकदम बोलायला लागले.

"मी बरोबर सांगितलं होतं," डॉक्टर.

"मी जसंच्या तसं छापलं," मी.

"मी बरोबर धुतलं," सु.

बाई मागच्या दारात उभी, डाल हातात. "मंग चुकलं कोनाचं? मांजरीचं?"

एका 'बदलवा'चे दोन अर्थ. पुणेकराने बदला म्हटलं असतं किंवा अदलाबदल. आमच्याकडे कपडे बदलवतात, नोटही बदलवतात, आणि जोडा लहान पडला तर दुकानात जाऊन तोही बदलवतात. शब्द एक. एवढी वर्षं शब्द विकून खातो आणि घरातलाच कळला नाही.

ओतूला काही रोग नाही. मन लागत नाही, एवढंच. डॉक्टर गेले. सु. उठली, मागच्या खोलीत गेली. बाईच्या खाटेवरून कारीची जुनी वाकळ, न धुतलेली, केसांसकट, स्वतः उचलली, आणून आपल्या टेबलाखाली अंथरली, वह्या तपासायला बसते तिथे. ओतूच्या अंगाखालचा टॉवेल बाईच्या हातात दिला.

बाईने टॉवेल हुंगला. "तुह्या मांजरीले साबनाचाच वास येते."

"येईल आता दुसरा," सु. म्हणाली. माफी वगैरे नाही. दुपारची गाडी गेली. बाईने गाठोडं खाटेखाली सरकवलं, सोडलं नाही.

९ जुलै

वाकळीवर ओतू पहिले दोन दिवस चढलीच नाही. भोवती फिरली, पंजाने उलटी केली, तिच्यावर थुंकल्यासारखं केलं. काल एक पाय ठेवला. आज बसली. चेहरा असा की रेल्वेत परक्याच्या सीटवर बसलो आहोत, मालक आला की उठू.

कारीने टॉवेलवर पहिल्याच दिवशी झोप काढली. "तिले काय," बाई म्हणाली, "तिले मांडी कोनाची बी चालते."

ओतू अर्धी मासोळी जेवली. सु.ने शाळेत सगळ्या मॅडमना सांगितलं म्हणे.

१२ जुलै

आजपासून विहारात वर्षावासाचं वाचन. सु. बाईला म्हणाली, चला. बाई नको नको म्हणत होती, परक्या गावच्या बाया. मग गाठोडं ओढलं, सोडलं, पांढरं पातळ काढलं. उरलेलं सगळं फळीवर लावून ठेवलं, निमूट.

परत आल्यावर विचारलं, कसं वाटलं? "वाचनारी भरभर वाचते. मी म्हटलं, माय, हरू वाच, आमी बपेऱ्याहून आलो." हरू म्हणजे हळू. वाचणारीने पुन्हा वाचलं म्हणे, हरू.

२० जुलै

आता जाळीचं दार. सुताराकडून प्लायवुड काढून जाळी लावून घेतली. अलीकडे ओतूची ताटली, पलीकडे कारीची. सुरुवातीला दोन्ही ताटल्या खोल्यांच्या टोकांना, मग रोज थोड्या जवळ. हे डॉक्टरांनी या वेळी दोनदा सांगितलं आणि माझ्याकडून म्हणवून घेतलं.

संपादकांचा फोन. रोवणी खोळंबली, फोटो पाठवा, मजकूर कमी करा. मी मजकूर कमीच देतो. घरातला जास्त आहे.

२४ जुलै

कारी मागच्या दाराने गल्लीत हिंडते आता. समोरचे तांदूळवाले शेठ सकाळी स्कूटर काढतात नेमकी तेव्हाच तिला गल्ली ओलांडायची असते. काळी मांजर आडवी गेली की शेठ थांबतात, दुसरं कोणी पुढे जाईपर्यंत. गल्लीत सकाळी दुसरं कोणी नसतं. आज मला हाक मारली, "पत्रकार साहेब, जरा आगे से निकल जाव ना." लुंगीवर होतो, तसाच त्यांच्या स्कूटरपुढून एक फेरी मारली. शेठ आभार मानून निघाले. "बिल्ली को कोई टाइम दे दो भाई, हम एडजस्ट कर लेंगे."

बाईने ऐकलं. ओट्यावरून, "शेठजी, तिले बी तुमचा अपशकुन होते! स्कुटर आडवी आली का ती बी तिथंच बसते!"

शेठ गिरणीत पोचेपर्यंत हसत असतील. नाही तर दुसऱ्या रस्त्याने जातील.

३ ऑगस्ट

जाळीचं दार उघडं राहिलं. माझ्याकडून. फोनवर होतो, रोवणीचीच बातमी.

आवाजाने धावलो तेव्हा स्वयंपाकघरात दोन मांजरींचा एक गोळा. सु.ने पाण्याचा तांब्या फेकला. सुटल्या. कारी खाटेखाली. ओतूचा कान फाटलेला, रक्त.

सु.ने माझ्याकडे पाहिलं. बाईकडे नाही. हे लिहून ठेवतो.

बाईने हळद घेतली, जमिनीवर बसली, ओतूला मांडीवर ओढलं. ओतू कोणाला हात लावू देत नाही दुखत असलं की, मलाही नाही. बाईला दिला. कान हळदीने पिवळा, डोळे मिटून अंग टाकून पडली. "किती जड हाये व तू. काय चारते तुले सुनंदा?" बाई तिच्याशी बोलत होती, ओतूशी.

सु. उभी होती. मग म्हणाली, "चहा ठेवते. बाई, साखर किती तुम्हाला?"

दीड महिन्यात पहिल्यांदा विचारलं.

"दोन चमचे. एकच टाकत होती तू."

१० ऑगस्ट

पुन्हा पहिल्यापासून. अंथरुणाची अदलाबदल, ताटल्या लांब. या वेळी लवकर सरकतंय. कानाची खपली निघाली. कानाला एक खाच राहिली, प्रज्ञाला फोटो पाठवला. तिचं उत्तर, "बाबा, एकदम गुंडी दिसते." मग, "आत्या राहणार ना?" मी कानाचा दुसरा फोटो पाठवला.

१९ ऑगस्ट

दार उघडं, दोघी एका खोलीत, तासभर. ओतू फ्रीजवर, कारी दिवाणाखाली. जागा पहिल्या दिवसाच्याच. पण कोणी काही बोललं नाही. वर-खाली दोघी झोपून गेल्या. याला मैत्री म्हणता येत नाही. आमच्या गल्लीतही याला शेजार म्हणतात.

२२ ऑगस्ट

पोळा तोंडावर. बाई सकाळी म्हणाली, "मी जातो बपेऱ्याले."

सु. पोळी लाटत होती, थांबली.

"कारीले ठेवून जातो. पोरा झाला का पायतो."

म्हटलं, तुझे बैल कुठे आहेत? अध्येल्याचे आहेत.

"जोडी तं दरसाल आपल्या दारात येते. तुह्या भाटव्यानं कधी बोजाऱ्याबिगर, हातावर पैसे देल्याबिगर, पाठवली नाई. दाराले कुलूप पाहून बैलं कोनापुढं थांबतीन?"

विहीर, भोवळ, औषध, सगळं मनात होतं. सु.ने गोळ्यांची पाकिटं वेगवेगळी करून, सकाळ-संध्याकाळ खूण घालून दिली. बाईने पिशवी लहानच घेतली. लहान पिशवीचा अर्थ मी लावत बसलो. सु. म्हणाली, "पिशवीत अर्थ शोधू नका, बस स्टँडवर सोडा."

निघताना कारीला काही म्हणाली नाही. ओतूला म्हणाली, "येतो व, जाडे."

आमच्याकडे निघताना जातो कोणी म्हणत नाही, येतोच म्हणतात. येणारा आणि न येणारा, दोघेही.

२५ ऑगस्ट

पोळा. बाजार चौकात तोरणाखाली बैल, गर्दी, फोटो. बातमी पाठवली. बाईला फोन, आवाज ऐकू येईना, मागे ढोल. एवढंच कळलं, जोडी आली होती दारात.

कारी दिवसभर बाईच्या खाटेवर. खाली उतरत नाही. जेवण वर नेऊन दिलं.

२७ ऑगस्ट

बाईचा फोन.

"कारी जेवते का?"

"जेवते."

"ओतू?"

"तीही."

"सुनंदा?"

जेवते म्हटलं. मग म्हणाली, "गावात नवा मास्तर आला हाये, तो आला होता. घर किरायानं मांगून रायला. बायको-लेकरू घेऊन येतो म्हनते. मानूस बरा दिसते."

"मग काय सांगितलंस?"

"सांगतो म्हटलं मंग."

"कधी येतेस?"

"पायतो."

सु.ने विचारलं, काय म्हणाल्या? पायतो म्हणाली. "कोणत्या आवाजात?" आवाज कसा सांगायचा. नेहमीच्याच, म्हटलं.

२८ ऑगस्ट

सु.ला आज सकाळची शाळा होती. दुपारी घरी आली आणि पिशवी खांद्यावर तशीच ठेवून मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. मला बोटाने बोलावलं. पाहिलं तर बाईच्या खाटेवर दोघी. उशाला कारी, पायथ्याला ओतू. मधे हातभर जागा. ओतूची शेपटी हलत होती, राग पूर्ण गेलेला नाही. कारीचे डोळे अर्धे उघडे. पण दोघी तिथेच, कोणी ठेवलेल्या नव्हत्या, आपापल्या चढून बसल्या होत्या.

मी खिशातून फोन काढला. आधी फोटो, मग बाईला सांगणार.

सु.ने हात धरला. "फोन करा. पण हे सांगू नका."

"का?"

"मांजरींचं जमलं म्हणून येतील. मग मांजरी भांडल्या की जातील." ती हळू बोलत होती, खाटेकडे पाहत. "यायचं असेल तर आपल्याकडे याव्यात. तुम्ही बोला. मी आहे इथे."

अंगणात आलो. फोन लावला. बाईने लगेच उचलला, जवळच बसली असावी.

अडीच महिने आमचं सगळं बोलणं कारी आणि ओतूवरून. त्यांना वगळून काय म्हणायचं, हे मी ठरवलंच नव्हतं. तोंडून नुसतं "बाई" एवढंच निघालं.

"का गा," पलीकडून बाई म्हणाली, "बोल ना. आयकून रायलो मी."